साक्ष नदीतल्या जिवांची

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या पाण्याचे ‘ए’ ते ‘ई’ असे पाच वर्ग केले आहेत. त्यातला ‘डी’ वर्ग वन्यजीवांसाठी आणि माशांच्या वाढीसाठी. या वर्गात बसायचे तर पाण्याने तीन अटी पाळायच्या. सामू ६.५ ते ८.५ च्या दरम्यान हवा, विरघळलेला प्राणवायू लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम हवा आणि मुक्त अमोनिया लिटरमागे १.२ मिलिग्रॅमच्या वर नको. तिन्ही आकडे जुळले की ते पाणी माशांना योग्य ठरले. त्यात प्रत्यक्ष मासे आहेत का, असले तर कोणते, पूर्वी कोणते होते, हे पाहण्याची सक्ती कुठेही नाही. ज्यांच्या नावाने हा वर्ग निघाला, त्यांना वगळूनच त्याचा निकाल लागतो.

या पुस्तकाचा विषय नेमका याच्या उलट दिशेने जातो. ओढ्यात, नदीत राहणारे मासे, किडे, शिंपले, शेवाळ यांची पाहणी करायची, तशाच प्रकारच्या पण कमीत कमी बिघडलेल्या प्रवाहाशी त्यांची तुलना करायची आणि त्यावरून पाणी पास की नापास हे ठरवायचे. एवढ्यावरही थांबायचे नाही. हा निकाल कायद्यात लिहायचा. जैविक निकष म्हणतात ते याला. जिवांवरून पाण्याची परीक्षा करणे ही कल्पना जुनी आहे आणि आपल्याकडेही ती कुणाला नवी नाही. कोणत्या डोहात मरळ मिळते आणि कोणत्या डोहातली वाम आता खाण्याजोगी राहिली नाही, हे नदीकाठचा कोणताही भोई सांगेल. नवे आहे ते त्या परीक्षेला कायद्याचे बळ देणे. हौशी पाहणी आणि निकष यांत फरक आहे तो एवढाच, पण सगळे भांडण त्यावरच आहे.

रासायनिक तपासणीवर एवढा अविश्वास का, असे कुणी विचारील. अविश्वास नाही, तिची नजर अपुरी आहे, एवढेच. सांडपाण्यामुळे हिरव्या झालेल्या नदीचे उदाहरण घ्या. दिवसा शेवाळ प्राणवायू तयार करते, त्यामुळे दुपारी पाण्यातला प्राणवायू भरपूर असतो. रात्री तेच शेवाळ आणि कुजणारा गाळ मिळून प्राणवायू खातात आणि पहाटेच्या सुमारास तो तळाला जातो. मासे मरतात ते त्या वेळी. नमुन्याची बाटली भरली जाते ती कर्मचारी कामावर आल्यानंतर, सकाळी अकरा-साडेअकराला. आकडा चांगला येतो आणि तो खोटाही नसतो. तपासणी असली की शाळा त्या दिवशी झाडून-पुसून लख्ख दिसते. उरलेल्या वर्षाबद्दल त्या दिवसावरून काय सांगणार? रात्री ओढ्यात रिकामा होणारा टँकर, पहिल्या पावसाबरोबर शेतातून आलेले कीटकनाशक, एकेकटी मर्यादेत असलेली पण एकत्र आल्यावर घातक ठरणारी चार रसायने, हे सगळे बाटलीतून निसटते.

ओढ्याच्या तळाशी राहणाऱ्याला निसटता येत नाही. मेफ्लाय, स्टोनफ्लाय आणि कॅडिसफ्लाय या किड्यांच्या पिल्लांचे आयुष्य पाण्याखालच्या दगडांना चिकटून जाते, काही जातींत महिनोन्‌महिने. मेफ्लायच्या पिल्लाचे कल्ले पोटाच्या दोन्ही कडांना, उघड्यावर असतात. प्राणवायू कमी झाला किंवा दगडांच्या फटी बारीक गाळाने बुजल्या की सर्वांत आधी हेच किडे नाहीसे होतात. त्यांच्या जागी येतात डासासारख्या दिसणाऱ्या, पण न चावणाऱ्या कायरोनोमिड माश्यांच्या लालभडक अळ्या. त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असते, त्यामुळे जिथे इतरांचा श्वास कोंडतो तिथे त्या मजेत राहतात. म्हणून नुसती संख्या मोजून भागत नाही. गटाराच्या तोंडाशी मूठभर गाळ उचलला तर त्यात वळवळ भरपूर सापडते; जाती मात्र दोन-तीनच. कोण आहे यापेक्षा कोण असायला हवे होते आणि नाही, हा या शास्त्राचा मूळ प्रश्न आहे.

या प्रश्नापर्यंत यायला वेळ लागला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जर्मनीत कोल्कविट्झ आणि मार्सन यांनी सांडपाणी सोसणाऱ्या आणि न सोसणाऱ्या जिवांच्या याद्या केल्या. अमुक जीव दिसला की अमुक इतकी घाण, असा त्यांचा हिशेब. तो सांडपाण्याला लागू पडे, इतर कशाला फारसा नाही. अमेरिकेत रूथ पॅट्रिक यांनी १९४८ मध्ये पेनसिल्व्हानियातल्या कोनेस्टोगा खोऱ्याची पाहणी केली आणि एखाद-दुसऱ्या सूचक जिवाऐवजी सगळ्या गोतावळ्याकडे, त्यातल्या विविधतेकडे बोट दाखवले. ब्रिटनने सत्तरच्या दशकाच्या अखेरीस कीटककुलांना एक ते दहा गुण देणारी पद्धत काढली. तिच्यात संवेदनशील कुलांना दहा आणि गाळातल्या कृमींना एक गुण मिळतो. पुढे अमुक उतार, अमुक खोली, अमुक खडक असलेल्या जागी कोणती कुले असायला हवीत याचे भाकीत करणारे गणितही तिथेच तयार झाले. हा सगळा इतिहास रंजक आहे, पण मला थांबायचे आहे ते ओहायोत.

ओहायोचे नाव नदीच्या संदर्भात निघाले की लोकांना आठवते ती जळणारी कायाहोगा. २२ जून १९६९ रोजी क्लीव्हलंडजवळ त्या नदीवरच्या तेलकट थराने पेट घेतला आणि ती अमेरिकेतल्या प्रदूषणाची खूण होऊन बसली. (ती नदी पहिल्यांदा पेटली नव्हती; १९५२ ची आग कितीतरी मोठी होती, पण तेव्हा त्याचे कुणाला काही वाटले नाही.) १९७२ मध्ये अमेरिकी काँग्रेसने राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचा नकाराधिकार झुगारून स्वच्छ पाण्याचा कायदा केला. देशातल्या पाण्याची रासायनिक, भौतिक आणि जैविक अखंडता परत आणणे आणि टिकवणे, हे त्याचे उद्दिष्ट पहिल्याच कलमात लिहिले आहे. यातल्या रासायनिक भागावर लगेच काम सुरू झाले, कारण तो मोजता येत होता. ‘जैविक अखंडता’ हे शब्द मात्र बरीच वर्षे कायद्यात शोभेला राहिले. ती मोजायची कशी, हे कुणालाच धड माहीत नव्हते.

१९८१ मध्ये जेम्स कार यांनी एक सुटसुटीत उत्तर दिले. ओढ्याच्या ठरावीक टप्प्यातले मासे पकडायचे आणि त्यांना बारा प्रश्न विचारायचे. स्थानिक जाती किती? तळाशी राहणाऱ्या किती? घाण न सोसणाऱ्या किती? मिळेल ते खाणाऱ्यांचे प्रमाण किती, निव्वळ किडे खाणाऱ्यांचे किती, इतर मासे खाणारे शिकारी उरले आहेत का? अंगावर गाठी, जखमा, झडलेले पर असलेले मासे किती? प्रत्येक उत्तराला पाच, तीन किंवा एक गुण; एकूण जास्तीत जास्त साठ, कमीत कमी बारा. हे बारा प्रश्न नीट वाचले तर त्यांत एक शहाणपण दिसते. काही प्रश्न जातींचे आहेत, काही अन्नसाखळीचे, काही एकेका माशाच्या प्रकृतीचे. एका प्रश्नाला चकवता येईल, बाराही प्रश्नांना चकवणे अवघड.

ओहायोच्या पर्यावरण खात्याने ही कल्पना उचलली आणि १९९० मध्ये आपल्या पाणी-मानकांत आकड्यांनिशी घातली. मेनसारख्या राज्याने त्याआधीच कायद्यात जैविक वर्ग आणले होते, पण शब्दांत. ओहायोने आकडे दिले. माशांसाठी दोन निर्देशांक, तळाच्या किड्यांसाठी एक. किडे पकडायला लाकडी चकत्यांची चवड सहा आठवडे प्रवाहात बुडवून ठेवतात. त्यावर वस्ती करायला जे येतील ते मोजायचे. माशांसाठी पाण्यात सौम्य विजेचा प्रवाह सोडतात, मासे क्षणभर बधिर होतात, त्यांची मोजदाद करून पुन्हा पाण्यात सोडून देतात. आपल्याकडे वीज सोडून मासे मारण्याचा बेकायदा उद्योग अनेक नद्यांवर चालतो. साधन एकच, हेतू दोन टोकांचे.

मासे मोजता येणे ही अर्धीच गोष्ट झाली. कितीला पास म्हणायचे? इथे ओहायोच्या लोकांनी जे केले ते मला या विषयातले सर्वांत मोलाचे काम वाटते. त्यांनी ‘शुद्ध’ नदीचा शोध घेतला नाही. मक्याच्या शेतांनी व्यापलेल्या राज्यात ती मिळणारच नव्हती. त्यांनी राज्याचे माती, उतार, झाडोरा यांवरून पाच भाग पाडले आणि प्रत्येक भागात त्यातल्या त्यात कमी बिघडलेल्या जागा निवडल्या. अशा तीनशेहून अधिक संदर्भस्थळांचे गुण काढले. सर्वसाधारण ओढ्यासाठी रेषा आखली ती त्या त्या भागातल्या संदर्भस्थळांच्या खालच्या पाव हिश्शाच्या वर. म्हणजे चांगल्या म्हणून निवडलेल्या जागांपैकी तीन चतुर्थांश जागा जिथे पोचतात तिथे तुमच्या ओढ्याने पोचले पाहिजे. उत्तम प्रवाहांसाठी वेगळी, वरची रेषा: साठपैकी सुमारे पन्नास. जिथे नदी कायमची बदलली आहे, तिथे खालचा वर्ग. पण तो मागणाऱ्याने आधी पाहणी करून ते सिद्ध करायचे. सपाट प्रदेशातल्या मंद ओढ्याकडून डोंगरी झऱ्याची अपेक्षा नाही, आणि डोंगरी झऱ्याला सपाटीची सबबही नाही.

मग या निर्देशांकांची आणि जुन्या रासायनिक तपासणीची तुलना झाली. ६४५ टप्प्यांची दोन्ही प्रकारे परीक्षा केली तेव्हा जवळजवळ निम्म्या टप्प्यांत रसायनांचे सगळे आकडे मर्यादेत होते, पण जिवांची अवस्था वाईट होती. उलट प्रकार, म्हणजे रसायनांत नापास पण जिवांत पास, शंभरात तीनच्या आसपास. एवढी वर्षे ज्या नद्यांना ‘ठीक’ असे प्रमाणपत्र मिळत होते, त्यांतल्या कितीतरी ठीक नव्हत्या. कारणे बहुतेक वेळा कुठल्या विषात नव्हती. शेतीच्या निचऱ्यासाठी ओढे सरळ केले होते, खोल केले होते, काठची झाडे काढली होती, तळावर गाळ बसला होता. पाणी स्वच्छ होते, पण त्यात राहायला जागा नव्हती.

कारखानदारांनी या शोधाचा वेगळाच अर्थ लावला. मासे ठीक असतील तर आमचे रसायन थोडे जास्त झाले म्हणून काय बिघडले, असा त्यांचा सवाल. तो वरवर रास्त वाटतो. अमेरिकेच्या केंद्रीय पर्यावरण संस्थेने १९९१ मध्ये भूमिका घेतली की रसायन, विषारीपणा आणि जीव या तिन्ही परीक्षा स्वतंत्र आहेत. कोणत्याही एकीत नापास म्हणजे नापास. यावरचा वाद अजून मिटलेला नाही. माझे मत संस्थेच्या बाजूने आहे. मासे आज ठीक आहेत याचा अर्थ शिसे किंवा पारा गाळात साठत नाही असा होत नाही, आणि माणसे नदीचे पाणी पितात, मासे खातात. जीव काय बिघडले ते सांगतात. कशामुळे बिघडले हे शोधायला पुन्हा रसायनशास्त्राकडेच जावे लागते. जैविक निकषांचे समर्थक कधी कधी हे विसरतात.

या निकषांचा आणखी एक उपयोग ओहायोत झाला, तो सरकारी खर्चाच्या हिशेबासाठी. कोलंबस शहराची सांडपाणी प्रक्रिया केंद्रे १९८८ पर्यंत सुधारली गेली. आधीच्या आणि नंतरच्या पाहण्या हाताशी होत्या, त्यामुळे शहराखालच्या सायोटो नदीत मासे कसे परतले हे टप्प्याटप्प्याने दाखवता आले. आपल्याकडे अशा केंद्रांचे यश रोज किती दशलक्ष लिटर क्षमता उभारली यात सांगतात. त्या क्षमतेने नदीत काय बदलले, हे विचारायची सोयच आपण ठेवलेली नाही.

पण ओहायोच्या यशामागे कायद्यापेक्षा जुनी एक शिदोरी होती. मिल्टन ट्रॉटमन यांनी अनेक दशके राज्यातल्या ओढ्यांत जाळी टाकून केलेली नोंद १९५७ मध्ये ग्रंथरूपात आली. कोणता मासा कुठे होता, हे त्यामुळे माहीत होते. सायोटोची उपनदी असलेल्या बिग डार्बी या ओढ्यात एक चिमुकला मार्जारमीन सापडला, त्याला ट्रॉटमन यांचेच नाव मिळाले. त्याचे अवघे अठरा नमुने मिळाले, १९४३ ते १९५७ या काळात, सगळे त्याच ओढ्यातून. नंतर तो कुणाला दिसला नाही. २०२३ मध्ये तो नामशेष म्हणून जाहीर झाला. बिग डार्बी आजही राज्यातल्या उत्तम प्रवाहांत गणला जातो. नोंद नसती तर तिथे काही हरवले आहे हे कुणाला कळलेच नसते.

आता आपल्याकडे. कायद्याचा आधार नाही असे म्हणता येणार नाही. महाराष्ट्राने पाणी प्रदूषणाविरुद्धचा कायदा केला तो केंद्राच्याही आधी, १९६९ मध्ये. १९७४ च्या केंद्रीय कायद्यातली प्रदूषणाची व्याख्या पाण्याच्या भौतिक, रासायनिक आणि जैविक गुणधर्मांतल्या बदलाविषयी बोलते, आणि जलचरांच्या जीविताला व आरोग्याला होणारा अपाय तिच्यात स्पष्ट शब्दांत येतो. कारखान्याच्या सांडपाण्यासाठी तर माशांची थेट परीक्षा नियमांत आहे: निव्वळ सांडपाण्यात ९६ तास ठेवल्यावर नव्वद टक्के मासे जिवंत राहिले पाहिजेत. पण ही परीक्षा प्रयोगशाळेतल्या टाकीतली आहे, नदीतली नाही. केंद्रीय मंडळाने डच सहकार्याने तळाच्या जिवांवर आधारलेली पाच वर्गांची जैविक वर्गवारीही तयार केली, यमुनेवर ती वापरून पाहिली. ब्रिटिश गुणपद्धतीचा तो भारतीय अवतार. तिच्याकडे निकष म्हणून पाहिले गेले असते तर आज या प्रस्तावनेची गरज उरली नसती. तिचे निष्कर्ष अहवालात राहतात. त्यावरून कुणाची परवानगी अडत नाही.

आपल्याला ट्रॉटमन नाही असेही नाही. कर्नल विल्यम हेन्री साइक्स १८३० च्या आधीपासून मुंबई सरकारच्या चाकरीत दख्खनभर फिरला आणि १८३९ मध्ये त्याने इथल्या माशांचे वर्णन छापले. खुदरी, कोळस अशी इथल्या लोकांच्या तोंडची नावे त्याने थेट शास्त्रीय नावांत घातली. दख्खनचा महसीर त्याने वर्णिला तो पुण्याच्या पूर्वेच्या मुळा-मुठेतून. आज ती नदी शहराखाली प्रदूषित पट्ट्यांच्या यादीत आहे. जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वीची अशी यादी हाताशी असणे ही चैन जगातल्या फार थोड्या नद्यांना मिळते, आणि आपण तिचा उपयोग नदीचा दर्जा ठरवण्यासाठी केलेला नाही.

याच महसीराची एक गोष्ट इथे सांगायला हवी, कारण मासे सोडणे म्हणजे नदी सुधारणे असा समज आपल्याकडे फार आहे. लोणावळ्याला टाटांच्या वीज कंपनीने या माशाची कृत्रिम पैदास यशस्वी केली आणि पिल्ले देशातल्या अनेक पाण्यांत गेली. कावेरीतही गेली. तिथे कावेरीचा स्वतःचा कुबडा महसीर होता. आज तो अतिसंकटग्रस्त आहे आणि दख्खनी पाहुण्याने त्याची जागा व्यापली, हे त्यामागचे एक मोठे कारण मानतात. कार यांच्या पद्धतीत स्थानिक जाती मोजतात, मासे नव्हे. चिलापीने भरलेला तलाव या परीक्षेत उत्तीर्ण होत नाही, मग कंत्राटदाराच्या जाळ्यात कितीही वजन येवो.

ओहायोचे आकडे आपल्या नद्यांना लावणे अर्थातच वेडेपणा होईल. आपले बहुतेक ओढे पावसाळ्यात फुफाटत वाहतात आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत डोहांत आटतात. त्या डोहांत उरलेले जीवच पुढच्या पावसात ओढा पुन्हा भरतात. म्हणून इथली पाहणी कधी करायची, हा प्रश्न किती गुणांना पास याच्या आधी येतो. पावसाळा ओसरल्यावर, साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात एकदा आणि डोह उरले असताना एकदा, असे मला सुचते. आणि डोह मोजायचे तर ते असायला हवेत. गेल्या दहा-बारा वर्षांत नाला खोलीकरण आणि रुंदीकरणाच्या नावाखाली जेसीबीने गावोगावचे ओढे सरळ खंदक करून टाकले. डोह गेला, खळाळ गेला, काठचे करंज आणि उंबर गेले. पाणी अडले, हे खरे. दुष्काळी गावाला त्याचे मोल आहे आणि त्यावर शहरात बसून नाक मुरडणे सोपे आहे. पण या कामाने ओढ्याचे काय झाले हे पाण्याच्या कोणत्याही रासायनिक तपासणीत कधीच दिसणार नाही. जैविक निकष असता तर पहिल्याच वर्षी दिसले असते आणि कदाचित चार डोह तरी सोडून खोदा, असे सांगता आले असते.

हे काम करायचे कुणी? ओहायोने २००३ मध्ये कायदा करून पाहणीच्या तीन पायऱ्या ठरवल्या: शाळा आणि हौशी गटांची माहिती लोकशिक्षणासाठी, मधली पायरी नदीतला चढ-उतार ओळखण्यासाठी, आणि नदी पास की नापास हे ठरवायला फक्त प्रशिक्षित माणसांची, ठरल्या पद्धतीने केलेली पाहणी. यात स्वयंसेवकांचा अपमान होतो अशी टीका झाली. मला ही विभागणी पटते. न्यायालयात टिकायचे असेल तर मेफ्लायची कुले अचूक ओळखणारा माणूस लागतो. आपल्या जिल्ह्याच्या महाविद्यालयांत प्राणिशास्त्राचे विभाग आहेत, पण गोड्या पाण्यातले कीटक ओळखणारे हात त्यांत फार थोडे. दुसरीकडे वैनगंगेकाठचे ढीमर, भीमेकाठचे भोई, कोकणातल्या खाडीच्या तोंडावरचे लोक माशांच्या बाबतीत कोणत्याही पदवीधराला मागे टाकतात. पहिल्या पायरीवर त्यांना बसवणे चुकीचे ठरेल. त्यांची जागा संदर्भस्थळ निवडणाऱ्यांच्या पंक्तीत आहे, कारण कोणता डोह अजून शाबूत आहे हे त्यांनाच माहीत असते.

पुढच्या प्रकरणांत पद्धती आहेत, तक्ते आहेत, गुण कसे द्यायचे ते आहे. ते वाचताना एक गोष्ट डोक्यात ठेवावी: तक्ता भरणे सोपे, संदर्भस्थळ ठरवणे कठीण. घाटमाथ्यावर देवरायांतून वाहणारे काही झरे अजून त्या योग्यतेचे आहेत. देशावर, धरणांच्या खाली, ऊसपट्ट्यात असे ठिकाण शोधणे फार अवघड जाईल, आणि तिथे खालचा वर्ग लावून मोकळे होण्याचा मोह सगळ्यांनाच होईल. तो लावायचाच असेल तर ओहायोप्रमाणे आधी पुरावा मागावा. या पुस्तकातले सातवे प्रकरण त्या पुराव्याचेच आहे. मी ते सर्वांत आधी वाचले.